आदित्याची निगा

बाळापूरच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले म्हणजे खाली मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांचा संगम दिसतो. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा ह्याने ह्या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान ह्याने १७५७ साली ते पुरे केले. पावसाळा संपला, की असल्या जुन्या तटाच्या विटांच्या सांध्यांतून पिंपळाचे एखादे बोटभर रोप डोके वर काढते. ते त्याच दिवशी उपटले तर दोन बोटांचे काम. परंतु दहा वर्षे कोणी लक्ष दिले नाही, तर त्याची मुळे भिंतीच्या पोटात शिरतात, आणि शत्रूच्या तोफांना जे साधले नाही ते त्या रोपाला साधते. किल्ला बांधणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. रोप उपटणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही. तरीही वास्तू शतकानुशतके उभी राहते ती ह्या दोघांच्या हातांनी.

मुलांनो, आज तुम्हांला अशाच निगा राखणाऱ्या हातांची हकीकत सांगावयाची आहे. मात्र त्यांनी जे जपले ते विटांचे तट नव्हेत. पृथ्वीवर एक लहानसा सूर्य निर्माण करण्यासाठी उभारलेली यंत्रे ते जपतात. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. म्हणून प्रथम ह्या सूर्याची ओळख करून घेऊ.

बाळापूर तालुक्यातच पारस हे गाव आहे. तेथील औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच धुराड्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. तेथे आज प्रत्येकी २५० मेगावॉट क्षमतेचे दोन संच वीज निर्माण करतात. आगगाडीने आलेला कोळसा दळून त्याची भुकटी करतात. ती जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोरावर चक्र फिरते आणि त्या फिरण्यातून वीज उत्पन्न होते. हा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्यांचे अवशेष होत. ती अरण्ये सूर्यप्रकाशावर वाढली. म्हणजे पारसच्या भट्टीत जळते ती एका अर्थी पूर्वीच्या काळी साठवलेली सूर्याचीच ऊर्जा. पण साठा कितीही मोठा असला तरी तो केव्हातरी सरणारच. शिवाय कोळशामागून राख येते आणि धूरही येतो. तेव्हा साहजिकच मनात येते, की साठवलेल्या ऊर्जेऐवजी सूर्याची मूळ युक्तीच माणसाला साधली तर?

सूर्याच्या पोटात लाकूड किंवा कोळसा जळत नाही. तेथे सुमारे दीड कोटी अंश तपमान असते आणि दाबही प्रचंड असतो. अशा स्थितीत हायड्रोजनच्या अणूंची केंद्रके एकमेकांत मिसळून त्यांपासून हेलियमचे केंद्रक बनते. ह्या क्रियेला केंद्रकीय संमीलन असे म्हणतात. एक हजार भाग हायड्रोजन घेतला तर त्यापासून सुमारे ९९३ भाग हेलियम तयार होतो. उरलेले सात भाग कोठे गेले? त्यांचे ऊर्जेत रूपांतर झाले. तीच ऊर्जा आपल्या अंगणात ऊन होऊन उतरते आणि कपाशीचे बोंड फोडते.

पृथ्वीवर हे संमीलन घडवावयाचे तर शास्त्रज्ञ साधा हायड्रोजन न घेता त्याचे दोन जड भाऊ घेतात. एकाचे नाव ड्यूटेरियम आणि दुसऱ्याचे ट्रिटियम. ड्यूटेरियम पाण्यात असतो. हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. तो लिथियम ह्या धातूपासून तयार करता येतो. मात्र ही दोन केंद्रके सहजासहजी जवळ येत नाहीत. दोन्हींवर धनविद्युत् असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना एकत्र आणण्यासाठी ती अतिशय वेगाने धावली पाहिजेत. आणि वेगाने धावावयाची तर वायू अतिशय तापला पाहिजे. किती? सुमारे पंधरा कोटी अंश. म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट! सूर्याजवळ प्रचंड दाबाचे साहाय्य आहे. आपल्याजवळ ते नाही. म्हणून ती उणीव उष्णतेने भरून काढावी लागते.

इतका तापलेला वायू वायू राहत नाही. त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युत्भारित कणांचा एक प्रवाही समुदाय बनतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. आता हा प्लाझ्मा ठेवावयाचा कशात? धातूच्या भांड्याला तो शिवला तर दोघांचेही नुकसान होते. भांड्याचा पृष्ठभाग खराब होतो आणि प्लाझ्मा तत्क्षणी थंड होतो. ह्या अडचणीतून रशियन शास्त्रज्ञांनी वाट काढली. विद्युत्भारित कण चुंबकीय रेषांच्या भोवती फिरत त्यांच्याच बाजूने पुढे सरकतात. तेव्हा भांडे चुंबकाचेच करावे, म्हणजे प्लाझ्मा भिंतीला न लागता अधांतरी राहील! अशा यंत्राला टोकामाक असे नाव मिळाले.

टोकामाकचा आकार डोळ्यांसमोर आणावयाचा असेल, तर आजी डोक्यावर घागर घेण्यापूर्वी खाली जी चुंबळ ठेवीत असे ती आठवा. ती चुंबळ आतून पोकळ आणि धातूची आहे, असे समजा. ह्या पोकळीतील सर्व हवा काढून टाकावयाची आणि तीत हायड्रोजनचा अगदी अल्प अंश सोडावयाचा. चुंबळीभोवती तांब्याची जाड वेटोळी एकापुढे एक बसवावयाची. त्यांतून वीज वाहू लागली, की पोकळीत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. चुंबळीच्या मधल्या भोकात आणखी एक उभे वेटोळे असते. रस्त्यावरच्या रोहित्रात एका वेटोळ्यातील बदलत्या विजेमुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. तद्वत् ह्या उभ्या वेटोळ्यामुळे पोकळीतील वायूतून वीज वाहू लागते. त्या विजेने वायूचा प्लाझ्मा होतो आणि तो तापतो.

ही कल्पना सांगावयास जितकी सोपी, तितकी करून दाखविण्यास अवघड आहे. आपल्या देशातील अणुविज्ञानाचे आद्य प्रवर्तक डॉ. होमी भाभा हे १९५५ साली जिनीव्हा येथे भरलेल्या अणुशक्तिविषयक परिषदेचे अध्यक्ष होते. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या प्रसंगी केले. ते भाकीत त्या मुदतीत खरे ठरले नाही. आजही संमीलनापासून घराघरांत वीज पुरविणारे केंद्र जगात कोठे नाही. परंतु त्या दिशेने जे अखंड काम चालले आहे, त्यात भारताचा वाटा लहान नाही.

गुजरातेत गांधीनगरजवळ, साबरमतीच्या काठी भाट नावाचे गाव आहे. तेथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. मुंबईत ज्याचे मुख्य कार्यालय आहे, त्या अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने ती चालते. १९८६ साली ती स्वतंत्र संस्था म्हणून स्थापन झाली आणि प्रा. प्रेधिमान कृष्ण काव हे तिचे पहिले संचालक झाले. येथील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी भारतातच आखलेला व बांधलेला पहिला टोकामाक १९८९ साली सुरू केला. त्याचे नाव ‘आदित्य’. ह्या आदित्याच्या चुंबळीच्या मध्यापासून तिच्या पोकळीच्या मध्यापर्यंतचे अंतर अवघे पाऊण मीटर आहे. त्याच्याभोवती वीस मोठी वेटोळी आहेत. एका प्रयोगात प्लाझ्मा टिकतो तो सेकंदाचा काही अंश. तुमची पापणी लवण्यास लागतो तेवढाच जवळजवळ! आदित्य वीज निर्माण करीत नाही, आणि तो त्यासाठी बांधलेलाही नाही. प्लाझ्माचा स्वभाव ओळखणे, हे त्याचे काम.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. पापणी लवेपर्यंत टिकणाऱ्या त्या प्रयोगासाठी किती दिवसांची निगा लागते, ते पाहा.

पहिली चिंता हवेची. पोकळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या अब्जांशापेक्षाही कमी ठेवावा लागतो. हवेतील प्राणवायू, पाण्याची वाफ किंवा बोटांच्या ठशांतील तेलाचा लवलेशही आत राहिला, तरी तो प्लाझ्मात मिसळतो आणि त्याची उष्णता प्रकाशरूपाने बाहेर फेकून त्याला थंड करतो. म्हणून पोकळीच्या आत काम करणारा कारागीर स्वच्छ हातमोजे घालतो. झाकण लावल्यावर पंप चालू होतात. भांडे बाहेरून तापवून भिंतींना चिकटलेली वाफ सुटी करतात. आणि त्यानंतर आत विरळ हायड्रोजन सोडून विजेच्या मंद झगमगाटाने भिंती तासन् तास धुऊन काढतात. ही धुलाई पाण्यावाचूनची आहे! विद्युत्भारित कण भिंतीवर आदळतात आणि तेथील मळ सुटा करतात. तो मळ पंप ओढून नेतात. सण नसला तरी हे सडासंमार्जन चुकवून चालत नाही.

दुसरी चिंता गळतीची. सायकलच्या नळीला बारीक छिद्र पडले, तर दुकानदार काय करतो, ते तुम्ही पाहिले आहे. तो नळीत हवा भरतो, ती पाण्यात बुडवतो आणि बुडबुडा कोठून येतो ते पाहतो. टोकामाक पाण्यात बुडवता येत नाही आणि त्याची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून येथे रीत उलटी आहे. आतली हवा पंपाने ओढीत राहावयाची आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर हेलियम वायूची बारीक फवारणी करीत जावयाचे. ज्या सांध्यात छिद्र असेल तेथून हेलियम आत शिरतो, आणि पंपाला जोडलेले शोधयंत्र तत्काळ इशारा देते. हेलियमच का? एक तर त्याचे अणू अतिशय लहान असतात, म्हणून ते सूक्ष्म फटीतूनही जातात. दुसरे असे, की हवेत तो फारच थोडा, दहा लाखांत सुमारे पाच भाग इतकाच असतो. त्यामुळे आत सापडलेला हेलियम आपल्या फवारणीतलाच, हे निश्चित होते.

ह्या वायूची कथाही गमतीची आहे. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात शास्त्रज्ञांना एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. ती ज्या मूलद्रव्याची आहे असे मानले गेले, त्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर त्याचा शोध लागला तो त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९५ साली. आणि संमीलनातून जे तयार होते तेही हेलियमच! म्हणजे सूर्याच्या घरचाच वायू पृथ्वीवरील आदित्याच्या सांध्यांची परीक्षा घेत फिरतो.

अशी निगा राखल्यामुळे आदित्याने सुमारे पंचवीस वर्षे सेवा केली आणि तीस हजारांहून अधिक प्रयोग पार पाडले. ह्या काळात जगातील ज्ञान मात्र पुढे गेले होते. प्लाझ्माच्या कडेला जमणारा मळ आणि संमीलनाने तयार होणारी हेलियमची राख बाहेर काढावयाची, तर चुंबकीय रेषांना एक विशिष्ट वळण देऊन त्या राखेला वाट करून द्यावी लागते, हे आता स्पष्ट झाले होते. पारसच्या भट्टीतून राख काढली नाही तर भट्टी कोंडते, तसेच हे. ह्या वाटेसाठी आणखी वेटोळी बसविणे अवश्य होते. आणि आदित्यात त्यांना जागाच नव्हती. त्याच्या पोकळीचा छेद चौकोनी होता आणि त्या चौकोनाचे कोपरे जागा अडवून बसले होते.

संस्थेपुढे दोन मार्ग होते. जुने यंत्र मोडीत काढून सर्वस्वी नवे बांधावयाचे, किंवा जे चांगले आहे ते राखून जे अपुरे आहे तेवढेच बदलावयाचे. संस्थेने दुसरा मार्ग पत्करला. वीस वेटोळी चांगली होती, ती ठेवावयाची. चौकोनी छेदाचे भांडे काढून त्या जागी गोल छेदाचे भांडे बसवावयाचे, आणि कोपऱ्यांची जी जागा मोकळी होईल तीत नवी वेटोळी घालावयाची. घराचे वासे शाबूत असतील तर शहाणा माणूस कौले बदलतो, वासे जाळीत नाही.

हे बोलणे सोपे. पण भांडे तर वेटोळ्यांच्या आत अडकलेले! मनगटातील कांकणांच्या आतून हात बाहेर काढता येतो, कारण हाताला टोक आहे. चुंबळीला टोक नसते. म्हणून भांडे बाहेर काढावयाचे तर सारे यंत्रच उकलणे भाग होते. २०१५ साली आदित्य उकलण्यास आरंभ झाला. अशा कामात उकलण्यापेक्षाही पुन्हा जुळविणे कठीण असते. प्रत्येक भाग कोठे होता, कोणत्या दिशेस तोंड करून होता, कोणता पेच कोठला, हे लिहून ठेवावे लागते. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या यंत्रात एखादे वेटोळे थोडे कलले तर काय बिघडले? बरेच बिघडते. वेटोळे कलले की चुंबकीय रेषा कलतात, आणि रेषा कलल्या की प्लाझ्मा भिंतीकडे सरकतो. म्हणून मोजमाप मिलिमीटरांत चालते. नवे भांडे दोन अर्धुकांत आणून वेटोळ्यांच्या आत जोडले गेले; सांध्यांची हेलियमने परीक्षा झाली; आणि डिसेंबर २०१६ मध्ये ह्या सुधारलेल्या आदित्यात पहिला प्लाझ्मा प्रकाशला. प्रा. काव ह्यांचे २०१७ साली निधन झाले. आपल्या हयातीत आरंभिलेल्या यंत्राचा हा नवा जन्म त्यांच्या डोळ्यांदेखत झाला.

ह्याच संस्थेत दुसरा एक टोकामाक आहे. त्याला ‘एस. एस. टी. – १’ म्हणतात. त्याची कहाणी मला अधिक बोधप्रद वाटते, कारण तिचा आरंभ अपयशाने झाला. ह्या यंत्राची मुख्य वेटोळी अतिसंवाहक आहेत. काही विशिष्ट धातू अतिशय थंड केले, तर त्यांतून वीज वाहताना कसलाच अडथळा होत नाही. त्या स्थितीला अतिसंवाहकता म्हणतात. ह्यासाठी ही वेटोळी द्रव हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड करावी लागतात. अशी सोळा प्रचंड वेटोळी आणि त्यांच्या जोडीला आणखी वेटोळी बसवून यंत्र उभे झाले. परंतु थंड करून चाचणी घेऊ लागताच दोष दिसू लागले. थंडीत हेलियम गळू लागला, आणि तारांच्या सांध्यांत ठरल्यापेक्षा अधिक अडथळा आढळला.

गळती आधीच का सापडली नाही, असे तुम्ही विचाराल. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावतात म्हणून त्यांची रचना करताना वाढीस वाव ठेवतात, हे तुम्ही शिकला आहात. थंडीत ह्याच्या उलट होते; धातू आकुंचन पावतो. नेहमीच्या तपमानात जो सांधा घट्ट असतो, तो २६९ अंश शून्याखाली गेला की ताणला जातो आणि त्याची दडलेली फट उघडी पडते. सांध्यातील अडथळ्याचेही तसेच. वेटोळ्यातून दहा हजार अँपिअर वीज नेण्याची योजना होती. शाळेत शिकलेल्या नियमाने हिशेब करा: विजेचा वर्ग गुणिले अडथळा म्हणजे दर सेकंदास होणारी उष्णता. दहा हजारांचा वर्ग दहा कोटी. एखाद्या सांध्याचा अडथळा ओहमचा केवळ दशलक्षांश असला, तरी त्यातून शंभर वॉट उष्णता निघेल. इतक्या बर्फगार जागी शंभर वॉटचा दिवा लावून ठेवल्यासारखेच ते झाले! अतिसंवाहकता तेथे टिकणार कशी? तोच अडथळा ओहमच्या अब्जांशावर आणला, तर उष्णता वॉटचा एक दशांश इतकीच राहते.

यंत्र उभे झालेले, वर्षांचे श्रम खर्ची पडलेले, आणि सर्वांचे डोळे लागलेले. अशा वेळी दोष झाकून ‘चालेल तेवढे चालवू’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. संस्थेने तो मार्ग धरला नाही. २००९ सालापासून यंत्राच्या पुनर्बांधणीची मोहीम हाती घेतली गेली. वेटोळी बाहेर काढली. सांधे नव्या पद्धतीने केले. आणि प्रत्येक वेटोळे यंत्रात बसविण्यापूर्वी एकेकटे थंड करून त्याची परीक्षा घेतली. पूर्वी सर्व जुळवून मग परीक्षा झाली होती. आता परीक्षा होऊन मग जुळणी झाली. जून २०१३ मध्ये ह्या यंत्रात पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. मध्यंतरीची वर्षे वाया गेली असे कोणास वाटेल. परंतु त्याच वर्षांत आपले अभियंते अतिसंवाहक सांधा करण्याची विद्या शिकले, आणि ती विद्या विकत मिळणारी नव्हती.

आणखी एक अडचण पुढच्या काळातील यंत्रांना भेडसावते. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ह्यांचे संमीलन झाले, की न्यूट्रॉन नावाचे कण वेगाने बाहेर पडतात. त्यांच्या माऱ्याने यंत्राच्या धातूत किरणोत्सर्ग निर्माण होतो, आणि मग माणसाने आत जाणे धोक्याचे ठरते. मग आतली निगा कोण राखणार? इंग्लंडमध्ये ‘जेट’ नावाचा मोठा टोकामाक १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षे चालला. तेथे लांब यांत्रिक हात एका झरोक्यातून आत सोडीत आणि कारागीर दूरच्या खोलीत बसून ते चालवीत. आतील हाताला पेच घट्ट लागला तर त्याचा ताण बाहेरच्या कारागिराच्या हाताला जाणवे, अशी त्यात योजना होती. १९९८ साली कोणीही आत न जाता अशा हातांनी यंत्राच्या तळाचे भाग बदलण्यात आले. पुढे २००९ ते २०११ ह्या काळात आतील कार्बनच्या फरशा काढून त्या जागी बेरिलियम आणि टंगस्टन ह्या धातूंचे अस्तर बसविले, ते प्रामुख्याने ह्याच रीतीने. जुन्या यंत्राला असे नवे अस्तर मिळाले, आणि आपल्या अखेरच्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याने एका प्रयोगात ६९ दशलक्ष ज्यूल इतकी संमीलन-ऊर्जा निर्माण केली. तोवर कोणत्याही टोकामाकने तेवढी दिली नव्हती.

ह्या सर्वांहून मोठा टोकामाक फ्रान्समध्ये कादाराश येथे बांधला जात आहे. त्याचे नाव ‘इटर’. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार त्यात आहेत. इटरला बाहेरून वेढणारे पोलादाचे विशाल निर्वातपात्र भारताने दिले. सुमारे २९ मीटर उंच, तितकेच रुंद आणि ३,८०० टनांहून अधिक वजनाचे हे पात्र सुट्या भागांत सुरतजवळच्या हजिरा येथे तयार झाले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि तेथे जोडले गेले. तुम्ही बाळापूरहून खामगावला किंवा अकोल्याला जाता, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ ह्याच हजिऱ्यापासून निघतो. आपल्या गावच्या रस्त्याचे एक टोक अशा रीतीने जगाच्या सर्वांत मोठ्या संमीलन-यंत्राच्या कारखान्यापाशी पोहोचते, हे ध्यानात ठेवा.

इटरलाही दुरुस्ती चुकली नाही. २०२२ साली त्याच्या आतील उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना बारीक तडे गेल्याचे आढळले. कवचावर चांदीचा मुलामा देण्यापूर्वीच्या धुलाईतील क्लोरीनयुक्त अंश नळ्यांच्या जोडांजवळच्या सूक्ष्म खाचांत अडकून राहिला होता, आणि त्याने धातू हळूहळू पोखरला होता. निर्वातपात्राचा एक अवाढव्य भाग तोपर्यंत यंत्राच्या खड्ड्यात उतरविलाही गेला होता. सातही भागीदारांनी विचार केला आणि तो भाग २०२३ साली पुन्हा बाहेर काढला. काम लांबणीवर पडले, खर्च वाढला. पण तडे गेलेली नळी आत ठेवून झाकण लावणे कोणालाही मान्य झाले नाही. किल्ल्याच्या तटातील पिंपळ आणि नळीच्या खाचेतील तो अंश ह्यांत फरक तो किती?

मुलांनो, आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे व अवजारे धुऊन पुसून त्यांची पूजा करण्याची चाल आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचे खांदे शेकतो. ज्याने वर्षभर काम केले त्याच्याकडे थांबून पाहावे, त्याचे काय दुखते ते तपासावे आणि मग त्याला पुन्हा कामाला जुंपावे, हे शहाणपण आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मोठ्या प्रयोगशाळेतही ह्याहून वेगळे काही चालत नाही. फरक इतकाच, की तेथे हा सण एका दिवसाचा नसतो.

संमीलनाची वीज तुमच्या घरातील दिव्यात केव्हा येईल, हे मी तुम्हांला सांगणार नाही. भाभांसारख्या थोर पुरुषाचाही तो अंदाज चुकला. पण ती आली तर तिच्यामागे केवळ नव्या कल्पना सुचणारी डोकी असणार नाहीत. सांध्यावर हेलियमची फवारणी करीत रात्र जागविणारा तंत्रज्ञ, पेचाची जागा वहीत नोंदविणारा जोडारी, आणि उभे केलेले यंत्र ‘हे सदोष आहे, उकला’ असे म्हणण्याचे धैर्य दाखविणारा अभियंता, हेही तिच्यामागे असतील. तुमच्या दप्तराचा उसवलेला टाका आज घरी गेल्यावर घालून टाका. उद्यावर ठेवू नका. ह्या विद्येचा पहिला धडा तेथूनच सुरू होतो.